मंदाचं वजन

“काका, चावी द्या ना!” मनोजशेठच्या लेकीने, दिपालीने, हात पुढे केला. बाळारामने चावी मुठीत अजूनच आवळली.

अंबाडीच्या अलीकडे, मनोजशेठच्या नव्या फार्मवर, तीन लाल गाड्या झेंडूच्या माळा घालून उभ्या होत्या. पुढे एक चाक, मागे दोन, टायर फुगलेल्या भाकरीसारखे. फाटकावर फलक होता: ‘बाळाराम बग्गी! चिखलात चला!’ ठाण्या-मुंबईची चाळीसेक माणसं मोबाइल उगारून दोरीपलीकडे उभी होती. त्यांच्यात बाळारामची मुलगी धम्मदिनाही होती. बाबांच्या नावाचे चार फोटो तिने आल्या आल्या काढले होते.

बाळारामला मात्र फलकाकडे बघवत नव्हतं. त्याची नजर समोरच्या वळणावर खिळली होती. तिथे वाट बांधावर चढून उजवीकडे वळत होती, आणि बाहेरच्या अंगाला पुरुषभर खोल चर होता.

काल संध्याकाळी शेवटची चाचणी म्हणून तो एकटाच त्या वळणावर गेला होता. गाडी वळली आणि उजवं चाक जमिनीवरून उचललं. वीतभर. पाय टेकून त्याने कशीबशी सावरली. माती भुसभुशीत असेल म्हणून पुन्हा फिरवली. पुन्हा चाक उचललं, या वेळी हातभर. उतरून तो अंधार पडेपर्यंत बांधावर बसून राहिला. कोणाला काही न सांगता तो घरी गेला होता.

याच मापाची गाडी त्याने अकरा पावसाळे चालवली होती. एकदाही ती कलली नव्हती.

बाळाराम भिवंडीत लूमचा फिटर. शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं कानाने आणि बोटांनी शिकलेलं. बायको मंदा आशाताई झाली आणि दिघाशीपलीकडच्या पाड्यांवर डोसचा डबा घेऊन मांडीभर चिखल तुडवू लागली, तेव्हा त्याने मोडक्या स्कूटरचं इंजिन, भंगारातला एक्सल आणि मोठाले टायर जुळवून ही गाडी केली. पहिल्या दिवसापासून मंदा मागे बसली, मांडीवर डबा घेऊन. पाड्यावर ती घरोघर फिरायची, तो मोहाच्या झाडाखाली थांबायचा, मग दोघं परत. एकट्याने गाडी कुठे न्यायचं कारणच पडलं नाही.

वळण आलं की मंदा आतल्या अंगाला झुकायची.

“काय गं, झोप आली का?” त्याने एकदा विचारलं होतं.

“झोप कशाची? तुमची गाडी जात्यावानी हाय. खुटा जिकडं फिरंल तिकडं आंग टाकायला लागतं.” आणि डब्यावर बोटं वाजवत ती गुणगुणत राहिली होती.

तो हसला होता. गाडी आपण बनवली, आपण चालवतो, असंच त्याला वाटत होतं.

गेल्या वर्षी कावीळ झाली आणि मंदा गेली. गाडीवर ताडपत्री पडली. मग पूर्ण्याच्या मनोजशेठने निरोप धाडला. चिखलावरून तरंगत जाणारं ते जोडपं त्याला आठवत होतं. “तशाच तीन बनवा, दादा. फक्त मागची सीट नको. सिंगल सीट कशी स्टायलिश दिसते.” बाळारामला उलट बरंच वाटलं. रिकामी राहणारी सीट वेल्ड करायला त्याचा हात धजला नसता.

“दादा, नारळ फोडला,” मनोजशेठने खांद्यावर थाप मारली. “आमची दिपाली पहिली राउंड मारणार. बघा की, थरथरताय काय? लगीन हाय का तुमचं?”

माणसं हसली.

“शेठ... मागं कोणीतरी बसवा.”

“मागं कुठं? सीट हाय का?”

“मग आज राहू द्या.”

“आता? पब्लिक उभी हाय, दादा!”

दिपालीने हसत त्याच्या मुठीतून चावी सोडवून घेतली. “हेल्मेट घातलं की केस बसतात हो, काका,” म्हणत ते हँडलला अडकवलं. किक मारली. इंजिन एका दमात लागलं. किती सुरेल लागलं! काल रात्री डोक्यात घुमणाऱ्या याच आवाजाने त्याला झोपू दिलं नव्हतं. तिची नाजूक मान, पलीकडचा चर. बाळाराम वाकला आणि प्लगची टोपी उपटून काढली. हाताला झटका बसला. इंजिन मेलं.

“ही गाडी उलटते,” तो म्हणाला.

मनोजशेठ झपकन जवळ आला.

“काय बोलताय?” मनोजशेठचा आवाज दबला. “लोकांसमोर?”

“काल दोनदा चाक उचललं. सांगितलं न्हाय. भ्यालो. त्या पाटीला भ्यालो.”

“आणि अकरा वर्षं कशी न्हाय उलटली?”

“मागं मंदा व्हती.”

दोरीपलीकडून कोणीतरी फिसकन हसलं. मनोजशेठ हसला नाही. त्याने एकदा बांधाकडे पाहिलं, मग लेकीला दंडाला धरून खाली उतरवलं आणि तिचा दंड बराच वेळ सोडला नाही.

दुपारी टेम्पोने तिन्ही गाड्या बाळारामच्या पडवीत उतरवल्या. फलकही त्यांच्यावरच टाकला होता. बाळारामने तो भिंतीला उलटा टेकवला, खडू घेतला आणि पहिल्या गाडीच्या पुढे जमिनीवर दोन गोल काढले, एकमेकांपासून चांगले दूर. पुढे दोन, मागे दोन. मापं घेताना धम्मदिनाने टेपचं दुसरं टोक धरलं.

“चार चाकांवर नाही ना उलटणार, बाबा?”

“बघू. आधी मी बसंन. धा वेळा.”

तिने कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे पाहिलं. “आईच्या गाडीला पण लावायचं का चौथं?”

बाळाराम उठला. ताडपत्री बाजूला करून त्याने मागच्या सीटवरची धूळ हाताने पुसली.

“न्हाय,” तो म्हणाला. “तिला नको.”