जग पाठीशी होतं ती दुपार

रेडिओवर बातम्या वाचणाऱ्या ताईला निवृत्त होऊन कैक वर्षं लोटली. तरी ती वृत्तकक्षाबद्दल बोलायला लागली की घरातले समजून जातात, आता तासाभराची निश्चिंती. काय दिवस होते ते! टेलिप्रिंटरची खडखड, टेबलावर कपांचे गोल डाग, स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा. तो लागला की साहेबसुद्धा खोकला गिळायचे. आता कोणीही उठतो आणि हातातल्या फोनवरून बातम्या देतो, याचा ताईला मनापासून राग येतो.

भाषांतर करायचे ते काका. माणूस सोन्यासारखा, पण आळस अंगात मुरलेला. परदेशी पुढारी एकमेकांना तेच ते निरोप पाठवतात, मग दर वेळी नव्याने डोकं कशाला फोडायचं, असं त्यांचं म्हणणं. जुनी भाषांतरं ते भिंतीतल्या खिळ्याला टोचून ठेवत आणि देशाचं नाव बदलून खुशाल पुढे सरकवत.

"काका, आज पुन्हा ये रे माझ्या मागल्या का?" ताई चिडवायची, आणि ते चष्म्यावरून नुसते हसायचे.

त्या वर्षी बसस्थानकात अतिरेक्यांनी स्फोट घडवला. ताईचा धाकटा भाऊ तिथे गाडीची वाट बघत उभा होता. आईने अंथरूण धरलं; बोलणं नाही, जेवणाचं नाव नाही. काही आठवड्यांनी आपल्या विमानांनी सीमेपलीकडचा अतिरेक्यांचा तळ उडवला. दुपारच्या बातम्या तोंडावर आल्या असताना एका बलाढ्य देशाची प्रतिक्रिया आली, आणि काकांनी घाईत ती धड न वाचताच खिळ्यावरचं पान ओढलं. ताईने वाचलं, 'या दुःखात आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. स्वतःचं रक्षण करण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.' इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाचताना तिचा आवाज हलला.

जेवायला घरी आली तर आई चक्क ओट्याशी उभी. केस विंचरलेले.

"ऐकलं गं मी," आई म्हणाली. "म्हणजे माझ्या लेकराचं कोणाला तरी वाईट वाटलं."

त्या दिवशी आई पोटभर जेवली. ताईला इतका आनंद झाला की स्वतःचं पान तसंच ठेवून ती आईलाच वाढत राहिली.

वृत्तकक्षात परत आली तर काका डोकं धरून बसलेले.

"पोरी, ते पान मागच्या वर्षीचं होतं. त्या बड्या देशात स्फोट झाला नि त्यांनी कुठल्या लांबच्या गावांवर बॉम्ब टाकले, तेव्हा सगळ्या जगाने त्यांना पाठवलेलं. आपल्याला मात्र ते म्हणतात, संयम पाळा. दोन्ही बाजूंनी."

"दोन्ही? म्हणजे आपण आणि स्फोट करणारे एकाच तागडीत? बड्यांनी मारलं तर तो हक्क, आणि आपण मारलं तर आगाऊपणा!"

"बळी तो कान पिळी. दुसरं काय!"

साहेबांनी दुरुस्ती लिहिली. "दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगतो. तू घरी जा आज," ते म्हणाले. ताईच्या मनात आलं, जावं आणि घरच्या रेडिओची वायरच तोडून टाकावी. पण मग आईला ते परक्याच्या आवाजात, शेजारच्या खिडकीतून ऐकू आलं असतं. संध्याकाळी ती दुरुस्ती तिनेच वाचली, एकही शब्द न गाळता.

घरी आई रेडिओजवळ बसून होती. ताईने तिला सगळा घोळ सांगितला, आणि काकांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं.

"त्यांना बोल लावू नकोस," आई म्हणाली. "त्यांच्या चुकीने का होईना, दुपारभर तरी माझा लेक मोठ्या देशात मेलेला होता."

मग ती आत जाऊन आडवी झाली. दुसऱ्या दिवशी ताईने पान वाढून पुष्कळ हाका मारल्या, पण आईने भिंतीकडे कूस वळवली, ती उठली नाही.