अनुमोदकाने जागा सोडू नये

सभा सुरू झाली की वाचनालयाच्या सभागृहाचं दार आतल्या बाजूने नाहीसं होत असे. बाहेरून ते जागच्या जागी असे. उशिरा येणारा खुशाल आत येई, हजेरीपटावर सही करी, आणि मागे वळून पाही तर भिंत. सभा संपवण्याचा ठराव मंजूर झाला की दार परत येई. गावात कुणाला याचं नवल नव्हतं. नवल होतं ते नव्या चिटणीस कुमुद वागळेबाईंचं. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंनी सभाशास्त्राचं पुस्तक दोन महिन्यांत तोंडपाठ केलं होतं. उभी नोकरी शिक्षकांच्या खोलीतला कालवा ऐकण्यात गेलेली. इथे एकाने मांडायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग हात वर. बाईंना ते इतकं भावलं की घरी भाजी कसली करायची याचाही ठराव त्या नवऱ्यापुढे मांडू लागल्या.

त्या रविवारी समोरच्या दवाखान्यात त्यांची मुलगी शाल्मली बाळंतपणासाठी दाखल होती. आत नेताना हात धरायला मी असेन, अकराच्या आत येते, असं बाई तिला सांगून आल्या होत्या. विषय चारच होते.

पहिला विषय बाईंचाच. गावातली माणसं शिंकावं तसं अनुमोदन देतात, हे त्यांनी हेरलं होतं. परुळेकरांनी वर्षभरात सतरा ठरावांना अनुमोदन दिलं होतं आणि त्यांना एकही सांगता आला नसता. म्हणून बाईंनी मांडलं, की ठराव पूर्णपणे अमलात येईपर्यंत अनुमोदकाने जागा सोडू नये. परुळेकरांनी डोळे न उघडता हात वर केला. एकमताने मंजूर.

परुळेकरांचे पाय गुडघ्यापर्यंत खुर्चीचे झाले. चांगलं सागवान होतं. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि गुडघे दुखतच होते, बरंच झालं, असं म्हणाले.

त्यानंतर कुणी कशालाच अनुमोदन देईना. बाईंनी सभा संपवण्याचा ठराव मांडला. सगळे छताकडे पाहू लागले.

“मांडायला तुमचं काय जातंय, वागळेबाई?” लीलाताई गवाणकर म्हणाल्या. “मांडणारा उठून घरी जातो. बसायचं आम्ही.”

मीच अनुमोदन देते, असं बाई म्हणाल्या. अध्यक्ष सबनीस गोड हसले. सूचक आणि अनुमोदक एकच चालत नाही, पान अठरा, तिथे तुम्हीच पेन्सिलीने खूण केली आहे. मग पहिला ठराव मागे घेते, बाई म्हणाल्या. त्यालाही अनुमोदक हवा होता.

घड्याळात दहा चाळीस झाले होते आणि तेवढेच राहिले, कारण वेळ वाढवण्याचा ठराव झालेला नव्हता. प्रत्येक फसलेल्या ठरावाला भिंती वीतभर पुढे येत होत्या. माणसांचे गुडघे एकमेकांना लागले. खिडकीत जावई दिसला. तो सभासद नसल्यामुळे त्याचा आवाज आत आला नाही. त्याने खुणेने सांगितलं, की तिला आत नेलं. बाई उठायला गेल्या. उठायला जागा नव्हती. पुन्हा पाहिलं तेव्हा तो पेढे वाटत होता.

मग भिंतीतून शाल्मली आत आली. अंगात दवाखान्याचा गाऊन, हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. तिने हजेरीपटावर सही केली आणि घाईघाईने खाली ‘बाळ’ असंही लिहिलं. सबनीसांना बरं वाटलं. दोन सभासद वाढले.

“आई, तू आली नाहीस.”

“सभा चालू होती,” बाई म्हणाल्या.

शाल्मली रागावली नाही. तिने बाळ आईच्या मांडीवर दिलं. “संपवायला काय लागतं?”

“फक्त अनुमोदन गं, बाळा,” लीलाताई म्हणाल्या.

बाईंना नको म्हणायचं होतं. पण सवयीने त्यांनी आधी बोलण्याच्या परवानगीसाठी हात वर केला, आणि सबनीस चष्मा शोधत होते तेवढ्यात शाल्मली म्हणाली, “माझं अनुमोदन आहे.”

सगळ्यांचे हात वर झाले. दार आलं. माणसं एकेक करून बाहेर पडली. लीलाताईंनी जाताना शाल्मलीच्या गालावरून हात फिरवला. ती मोकळ्या खुर्चीत टेकली होती. शेवटचा सभासद बाहेर पडेपर्यंत सभा पूर्णपणे संपत नव्हती, आणि अनुमोदक म्हणून तिला जागा सोडता येत नव्हती. गाऊनच्या काठापासून लाकडाच्या रेषा वर चढत होत्या. परुळेकर हनुवटीपर्यंत झाले होते.

“सभा संपवण्याचा ठराव रद्द करावा, असं मी मांडते,” बाई म्हणाल्या.

सबनीस दारातून परत आले, आपल्या जागी बसले आणि वही उघडली. “अनुमोदन?”

शाल्मलीने हात वर करायला पाहिलं. तिचे हात खुर्चीचे हात झाले होते.

दुपट्यातून एक मूठ बाहेर आली. बाईंनी ती चटकन आपल्या मुठीत घेतली. अजून मऊ होती.

“वर आहे की खाली, वागळेबाई?” सबनीसांनी विचारलं. “मला लिहून घ्यायचंय.”