चावीला गप्प बसवणारा डबा

“झाकण लाव गं, झाकण लाव, नाहीतर बटण गाठेल गाव!”

मित्रांनो, हा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला, पण माझ्या पत्र्यात तो अजून घुमतो. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. अंगावर एकेकाळी निळी फुलं होती. आता त्यांचे देठ तेवढे उरलेत. कारखान्यात साच्याचा दाब पडला, चपट्या पत्र्याला पोट आलं, आणि मी झालो. आवाज होता आईचा. ती लोकांचे कपडे शिवायची आणि माझ्या पोटात बटणं ठेवायची. तिच्या लेकीचा पाय घरात ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. भिंगरी बटणं पसरून उठली की आईच्या तोंडून ही ओळ ठरलेली.

पुढे आई गेली. शिलाई यंत्रावर चादर पडली आणि मी फळीवर गेलो. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही. धूळ बसत गेली, गंज चढत गेला. वाटलं, आपलं काम संपलं.

घरात उरले दादा आणि भिंगरी. दादा, म्हणजे भिंगरीचे वडील, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले. त्यांची एक रीत होती. घरात आलेल्या माणसानं आधी चावी दाराजवळच्या खिळ्याला लावायची, मग बाकी सगळं. “चावी खिळ्याला, मग पाणी घशाला,” असं ते म्हणत, आणि म्हटल्याप्रमाणे वागायला लावत.

भिंगरी मोठी झाली आणि तिनंही चाकच धरलं. ज्यांचं रक्त यंत्रावर शुद्ध करावं लागतं, अशा रुग्णांना घरून उपचार केंद्रात न्यायचं आणि परत आणायचं, हे तिचं काम. तिची गाडी नव्या तऱ्हेची होती. चावी खिशात असली की दार हात लावताच उघडे आणि बटण दाबताच गाडी सुरू होई.

“ही कसली चावी? साबणाची वडी आहे ही,” दादा म्हणाले. तरी वडीसुद्धा खिळ्यालाच लागली.

दादा शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय सारखा खाली दाबला जाई.

“दादा, तिथं ब्रेक नाहीये.”

“मला माहीत आहे. पायाला माहीत नाही.”

एका तिन्हीसांजेला भिंगरी दमून आली, चावी खिळ्याला लावली आणि तोंड धुवायला गेली. चेहरा पुसत खिडकीशी आली, तर बाहेर गाडी नव्हती. काच फुटल्याचा आवाज नाही, चाकांची कुरकुर नाही. चावी मात्र खिळ्यावर तशीच लटकत होती.

गाडी दुसऱ्या दिवशी गावाबाहेर सापडली. चोरांनी ती मध्येच बंद केली होती आणि मग ती पुन्हा सुरूच होईना. होणार कशी? चावी तर आमच्या घरी होती!

पण उपचार केंद्राच्या मॅडम म्हणाल्या, “दार उघडं राहिलं असणार. माझे रुग्ण तुमच्या भरवशावर गाडीत बसतात. खरं काय ते कळेपर्यंत तुमच्या फेऱ्या बंद.” भिंगरी पुन्हा पुन्हा सांगे, “मी कुलूप लावलं होतं, दार ओढूनही बघितलं होतं.” ऐकणारे मान हलवत आणि मनात हसत. दादा मात्र काहीच बोलत नसत. खिडकीबाहेर बघत बसत.

तपासाला आलेल्या पोलिसानं बाहेरची भिंत पाहिली, मग आतला खिळा पाहिला. “भिंतीच्या अलीकडे चावी, पलीकडे रस्ता. ही चावी सारखी कुजबुजत असते काका, फक्त आपल्याला ऐकू येत नाही. एक चोर पिशवीत यंत्र घेऊन भिंतीला टेकतो आणि ती कुजबुज पकडतो. दुसरा गाडीशी उभा असतो, त्याच्या यंत्रातून ती गाडीला ऐकू येते. गाडीला वाटतं, मालकीणबाई आल्या. असंही झालं असेल. नाहीतर दार उघडंच राहिलं असेल आणि यंत्र फक्त गाडी सुरू करायला लागलं असेल. बघणारं कुणी असतं तर बोलता आलं असतं.”

मित्रांनो, मी फळीवर थक्क झालो! भिंतीतून जाणारा आवाज! म्हणजे ही खोली रिकामी नव्हतीच. न दिसणाऱ्या हाका माझ्या फुलांना घासून जात होत्या आणि मला पत्ताही नव्हता.

“धातूच्या घट्ट डब्यात ठेवा,” जाताना पोलिस म्हणाला, “आणि ठेवून खात्री करा.”

भिंगरीनं आधी चावी प्लॅस्टिकच्या डबीत ठेवली आणि ती घेऊन गाडीशी गेली. दार उघडलं. रुमालात गुंडाळली, तरी उघडलं. मग दादांनी मला फळीवरून काढलं, बटणं वाटीत ओतली आणि चावी माझ्या पोटात ठेवली. दार उघडलंच! माझं झाकण सैल झालं होतं. दादांनी हातोडीनं माझी कड हळूहळू ठोकली. दुखलं, पण झाकण गच्च बसलं. आता भिंगरीनं दार ओढलं, पुन्हा ओढलं. गाडी ढिम्म. माझ्या पोटात समुद्राएवढी शांतता होती. मी, बटणांचा डबा, एका गाडीची राखण करत होतो!

मग एका दुपारी, गल्ली पेंगत असताना, दोघे चोर पुन्हा आले. एकानं पिशवी भिंतीला लावली. पिशवीतल्या यंत्राची हाक माझ्या पत्र्यावर आली, अंगभर पसरली आणि बाहेरच विरली. आत चावी झोपलेल्या बाळासारखी होती. दुसऱ्यानं दार ओढलं, काचेतून डोकावला. स्टिअरिंगवर लोखंडी दांड्याचं कुलूप, आसनावर ना पिशवी ना फोन. दोघे निघून गेले. दादा खिडकीत उभे राहून सगळं बघत होते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी. ‘आलोच हं’ म्हणून गाडी चालू ठेवून उतरू नका. काच बोटभरही उघडी ठेवू नका. कुलूप लावलं तरी दार एकदा ओढून बघा. चावी दारापासून दूर, गच्च झाकणात ठेवा. आणि फळीवर एखादा जुना डबा गंजत असेल, तर त्याची धूळ पुसा. तो काय काय अडवू शकतो, हे त्यालाही ठाऊक नसतं.

त्या दुपारी चोर जाताच दादा खिडकीतून वळले आणि त्यांनी मॅडमना फोन लावला. भिंगरी ओला हात पदराला पुसत दारात थबकली.

“मॅडम, मी तिचा बाप बोलतोय. त्या संध्याकाळी तिनं कुलूप लावलं, दिवे लुकलुकले, मग तिनं दार ओढून पाहिलं. मी इथूनच बघत होतो. आज पिशवी भिंतीला लावणारे दोघेही मी इथूनच पाहिले. बोललो असतो तर बोट माझ्या खिळ्याकडे गेलं असतं, म्हणून गप्प राहिलो. आणखी एक. मी जन्मभर बस चालवली. पण माझी पोर माझ्यापेक्षा जपून चालवते. हे मी तिलाही कधी सांगितलेलं नाही.”