मागचं डावं चाक

ग्लेनिस गुरुवारी सकाळी घर सोडून कायमची जाणार होती आणि तिचा नवरा लायल शर्मर सोमवारपासून तिच्याच गाडीखाली आडवा पडला होता. एकतीस वर्षांच्या संसाराच्या शेवटी या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. दीड महिन्यापूर्वी तिनं जेवताना सांगितलं, की देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ऑल्बनी शहरातल्या एका शाळेत स्वयंपाकघराचं काम मिळालंय, समुद्राजवळ राहायला जागाही मिळालीय, आणि मी परत येणार नाही. लायलनं हातातला काटा खाली ठेवला, घोटभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "म्हणजे चोवीसशे किलोमीटर. गाडीचं सगळं काम काढावं लागेल. मी करून देतो."

"एवढंच?" तिनं विचारलं.

जरा विचार करून तो म्हणाला, "फॅनबेल्टही बदलायला झालाय."

तिला हसू आलं होतं की रडू, ते त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी फारसा फरक पडला नसता म्हणा. त्या दिवसापासून त्याला काही वाटायचंच बंद झालं होतं. भूक लागायची, झोपही यायची, पण दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा बधिर होतो, तसा तो आतून बधिर झाला होता. दुसरा कुणी नव्हता, भांडण नव्हतं. तिनं कारण अगदी साध्या शब्दांत सांगितलं होतं: "तू वाईट नाहीस रे. तू फक्त नसतोस. एकाच घरात राहून एकटं राहायचा मला कंटाळा आला."

गाडी सत्तावीस वर्षांची लँडक्रूझर, डिझेलची. सोमवारी लायलनं ऑइल आणि फिल्टर बदलला. मंगळवारी पुढच्या चाकांची बेअरिंगं धुऊन त्यांत नवं ग्रीस भरलं. बुधवारी सकाळी रेडिएटरचा खालचा पाइप दाबून पाहिला, तर एका जागी तो मऊ पडलेला होता. अजून वाटेतल्या किंबा गावापर्यंत सहज जाईल, त्यानं अंदाज केला. मग फुटेल. मग ती मला फोन करेल. हा विचार त्यानं कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा शांतपणे ऐकून घेतला, आणि नवा पाइप आणायला दुकानात गेला. फॅनबेल्टही बदलला, जुना मात्र गुंडाळून सीटखाली ठेवला. वाटेत नवा तुटला तर वेळ भागते, म्हणून इकडे सगळेच ठेवतात.

शेवटचं काम चाकांचं. ब्रेक पाहायचे म्हणून चारही चाकं उतरवली होती, ती आता परत चढवायची. प्रत्येक चाकाला सहा नट. लायलनं उमेदीची सगळी वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काढली होती आणि तिथली एक शिस्त त्याच्या हाडांत मुरलेली होती. नट समोरासमोरचे आवळायचे, पाना 'टक्' असा वाजेपर्यंत. वाजला, की नटावर पिवळ्या रंगाच्या पेननं रेघ ओढायची. रेघ नसेल तर तो नट आवळलेला नाही, मग कुणी कितीही शपथा घेऊ दे.

पुढची दोन चाकं झाली. मागचं उजवं झालं. तेवढ्यात कुंपणावरून शेजारच्या नेव्हचं डोकं वर आलं. नेव्ह सत्तरीचा, आणि गावात कोण कधी शिंकलं हे त्याला ठाऊक असायचं. नेमकी हीच बातमी तेवढी त्याला लागली नव्हती.

"काय रे, तीन दिवस गाडीखाली! बायकोनं घराबाहेर काढलं की काय?"

"प्रवास आहे," लायल म्हणाला.

"अरे वा! कुठे?"

"ऑल्बनी."

"लांब मजल मारताय! म्हातारपणी दुसरा हनिमून वाटतं? किती दिवस जाताय दोघं?"

लायल हातात पाना धरून उभा राहिला. 'दोघं' या शब्दावर तो अडकला. "ती जातेय," तो शेवटी म्हणाला. "एकटी."

"आणि परत कधी येणार?"

लायलनं पाना खाली ठेवला. नेव्हचं तोंड उघडंच राहिलं आणि मग जन्मात पहिल्यांदाच ते आपण होऊन मिटलं. "असं होय," एवढं म्हणून तो कुंपणाआड दिसेनासा झाला. लायल पायरीवर बसला. किती वेळ बसला, त्याचं त्यालाच कळलं नाही. नंतर त्यानं जॅक उचलून शेडमध्ये ठेवला आणि हात धुतले.

गुरुवारी आठ वाजता ती निघाली. त्यानं फाटक उघडून धरलं. "शंभरेक किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळून घे," तो म्हणाला. "चाकं काढून बसवली, की ते थोडे सैल होतात."

"माहीत आहे. दरवेळी आयर्न नॉबच्या फाट्याला थांबून तूच करायचास." तिनं त्याला मिठी मारली. त्याचे हात बाजूला लोंबतच राहिले. गाडी वळली, आणि त्यानं फाटक लावलं.

आत येऊन त्यानं तिचा कप विसळला. खाली वाकताना सवयीनं हात शर्टाच्या खिशाकडे गेला, कारण वाकलं की ते पिवळं पेन हमखास खाली पडायचं. खिसा रिकामा होता. पेन शेवटचं कधी वापरलं, तो आठवू लागला. पुढची दोन चाकं, मग मागचं उजवं, मग नेव्ह, मग पायरी. मागच्या डाव्या चाकाशी आपण वाकलोय, असं काही केल्या आठवेना. नट हातानं फिरवून बसवलेले आठवत होते, तेवढेच. कप त्याच्या हातातून सिंकमध्ये पडला.

त्यानं फोन लावला. तिनं उचलला नाही. गाडी चालवताना ती कधीच उचलत नसे, आणि ही सवय त्यानंच लावली होती. तो पिकअपमध्ये बसून निघाला. पोर्ट ऑगस्टाचा पूल ओलांडला, पुढचा सरळ रस्ता लागला. रस्त्याच्या कडेला आडवी झालेली गाडी दिसते का, ते तो बघत होता. दीड महिन्यानंतर त्याला काहीतरी होत होतं, आणि ती भीती होती. नुसती, कोरडी भीती.

आयर्न नॉबच्या फाट्याला लँडक्रूझर चारही चाकांवर धड उभी होती. शेजारी घडीच्या खुर्चीवर बसून ग्लेनिस फ्रिट्झ, म्हणजे थंड सॉसेजच्या चकत्या, घातलेलं सँडविच खात होती. पायाशी चाकाचा पाना पडला होता. पिकअप थांबताना तिनं पाहिलं, पण ती उठली नाही.

"मागचं डावं!" लायल दार उघडतानाच ओरडला. "मागचं डावं मी आवळलं नव्हतं!"

"मी आवळलं."

"आत्ता?"

"काल संध्याकाळी. तू आंघोळीला गेलास तेव्हा." तिनं तोंडातला घास संपवला. "खिडकीतून बघत होते मी. तीन चाकं केलीस, नेव्हशी बोललास, मग पायरीवर बसलास, ते बसलासच. सहाही नट नुसते बोटानं लावलेले होते."

तो चाकाजवळ गेला. प्रत्येक नटावर पिवळी रेघ होती. जरा वाकडी, त्याच्या रेघेपेक्षा जाड. त्यानं शिकवली होती तशीच, पण त्याच्या हातची नव्हे.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय केलं असतंस? लाजून मेला असतास, आणि सगळी चाकं परत उतरवली असतीस." मग ती उठून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "लायल, खरं सांग. विसरलास, की तसंच सोडलंस?"

त्यानं खरंच विचार केला. रेडिएटरचा तो मऊ पाइप आठवला. नेव्हचं तोंड आठवलं, पायरी आठवली. पण त्या पायरीवर आपल्या डोक्यात काय होतं, ते शोधलं तर तिथे नुसतं कोरं होतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "देवाशप्पथ, ग्लेन, मला माहीत नाही."

"मला वाटलंच," ती म्हणाली. तिला राग आला नव्हता, आणि त्याला तेच सहन होईना. तिनं पाना उचलून त्याच्या हातात दिला. "हे घे, एकदा फिरवून बघ. नाहीतर घरी जाऊन तुला झोप लागायची नाही."

तो गुडघ्यावर बसला. पहिल्या नटाला पाना लावून त्यानं जोर दिला. हलला नाही. समोरचा हलला नाही. सहाही नट त्यानं पाहिले, एकही तसूभर हलला नाही. काम चोख होतं आणि त्याला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिथेच खडीवर, टायरला डोकं टेकून तो रडायला लागला. मोठ्यानं रडला, नाक पुसायचंही भान राहिलं नाही.

ग्लेनिसनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हे दीड महिना कुठे ठेवलं होतंस रे?"

"आता उशीर झाला ना?" त्यानं वर न बघता विचारलं.

"हो," ती म्हणाली. लगेच म्हणाली, पण हात काढला नाही. तो शांत होईपर्यंत ती तशीच उभी राहिली. एक ट्रक गेला, मग आणखी एक गेला.

मग तिनं खुर्चीची घडी घातली, पाना आत ठेवला, आणि समोरच्या कप्प्यातून पिवळं पेन काढून त्याच्या शर्टाच्या खिशात खोचलं. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. आवाज स्वच्छ होता.

"किंबाला थांबून पुन्हा एकदा बघ," तो खिडकीशी येऊन म्हणाला.

"गरज नाही," ग्लेनिस म्हणाली. "पण बघेन."