कात्रजच्या माळावरचं गाव

पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी मंदाकिनीचं नारायण पेठेतलं घर गेलं. ती आणि तिची आई आनंदीबाई, दोघी अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीच्या बाजूच्या एका शाळेत इतर पूरग्रस्तांबरोबर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी तिथे ट्रक घेऊन टेकचंद भोजवानी हजर झाले.

टेकचंदशेठ मूळचे सिंधमधल्या सक्करचे. फाळणीनंतर पिंपरीच्या निर्वासित छावणीत आले आणि जत्रांमधून तंबूतला सिनेमा दाखवू लागले. लोणी काळभोरच्या बायका कुठल्या प्रसंगाला पदर डोळ्यांना लावतात ते बघत बघत मराठी शिकले, आणि पुढे स्वतःच मराठी चित्रपट काढायला लागले. दोन आपटले, तिसरा चालला. चौथ्यात मंदाकिनीला नायिकेच्या जावेचं काम होतं. त्याच चित्रपटासाठी कात्रजच्या माळावर शेठनी अख्खं गाव उभारलं होतं. पाऊस ओसरला की चित्रीकरण सुरू व्हायचं होतं.

"चला," शेठ म्हणाले, "आपला गाव रिकामाच हाय."

"शेठ, ती घरं खोटी आहेत," मंदाकिनी म्हणाली. "पुढून भिंत आणि मागून आभाळ."

"सुतार कामाला लावलेत. संध्याकाळपर्यंत खरी होतील."

आणि खरंच झाली. स्टुडिओतल्या फळ्या, पत्रे, जुने पडदे, हाताला लागेल ते मागच्या बाजूला ठोकलं गेलं. पाटलाच्या वाड्यात सहा बिऱ्हाडं राहिली, देवळात चूल पेटली. नायिकेसाठी आणलेली नऊवारी लुगडी शेठनी बायकांना वाटून टाकली.

दिग्दर्शक श्यामसुंदर चार दिवस हे बघत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, "अहो शेठ, आपण चित्रपट काढतोय की धर्मशाळा? तसं असेल तर पाटीवर माझं नाव दिग्दर्शक म्हणून नको, व्यवस्थापक म्हणून घाला."

शेठ हसले. "घालतो. पण कुणाला उठ म्हणायला मला सांगू नका."

पाऊस संपला. लोकांना दुसरीकडे जागा मिळेना, आणि शेठ कुणाला हलवेनात. नायिकेनं वाट पाहिली आणि मुंबईचं दुसरं काम धरलं. त्या दिवशी मंदाकिनी न राहवून म्हणाली, "तुम्हाला पस्तावा नाही होत?"

शेठ म्हणाले, "पिंपरीच्या बराकीत आम्ही चार कुटुंबं एका खोलीत होतो. मधे चादरी बांधलेल्या. माझी पोरगी जन्मली ती चादरीच्या आड. बायको तोंडात पदर कोंबून पडली होती, पलीकडे आवाज जाऊ नये म्हणून." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "नायिका दुसरी मिळेल, बाई. तुम्ही करा."

"मी? मला कोण बघायला येणार?"

"मी येईन. श्यामसुंदर पण येतील, शिव्या द्यायला."

हिवाळ्यात लोक हळूहळू घरं शोधून गेले, तसं चित्रीकरण सुरू झालं. सेट आता नव्यासारखा राहिला नव्हता. भिंतींना धूर लागला होता, उंबरे झिजले होते. श्यामसुंदरांनी एकदा चहूकडे फिरून पाहिलं आणि रंगाऱ्याला घरी पाठवून दिलं. "कशालाही हात लावू नका," एवढंच म्हणाले. जे कुणी अजून तिथे होते ते गर्दीत उभे राहिले. मंदाकिनी विहिरीवर रडली तेव्हा तिला रडायला शिकवावं लागलं नाही.

चित्रपट लागला त्या दिवशी थिएटरात पूरग्रस्तांचीच निम्मी गर्दी होती. पडद्यावर पाटलाचा वाडा दिसला आणि मागून एक बाई जोरात ओरडली, "आमचं घर!" सगळं थिएटर हसलं. मंदाकिनीनं वळून पाहिलं. टेकचंदशेठ दाराशी उभे होते, खुर्ची सोडून. ते पडद्याकडे बघतच नव्हते. अंधारात माणसांच्या चेहऱ्यांकडे बघत होते.

चित्रपट चांगला चालला. शेठनी त्यानंतर आणखी नऊ काढले, त्यातले काही सपशेल पडले. मंदाकिनी त्यातल्या सहांत होती. करारावर सही करताना तिनं कधी गोष्ट काय आहे म्हणून विचारलं नाही.