पुठ्ठ्यातल्या मुंग्या

मी पातूरच्या वाचनालयात ग्रंथपाल होऊन चारच वर्षं झाली होती, तेव्हा कुठल्याशा समितीनं मुलांच्या एका जुन्या पुस्तकातली गोष्ट पकडली. राजा सगळं धान्य कोठारात ओढतो म्हणून मुंग्या वारूळ सोडून जातात, एवढीच ती गोष्ट. तिच्यात सरकारविरोधी छुपा संदेश आहे, म्हणे. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, गावं रिकामी होत होती, आणि या शहाण्यांना भीती मुंग्यांची.

भीती मलाही वाटली. पानं मीच फाडली. सगळ्यात झोंबणारं शेवटचं पान घरी चुलीत घातलं. बाकीची रद्दी म्हणून, नव्यानं बांधायच्या त्या पुस्तकासकट बाइंडिंगवाल्या कुर्बानचाचांकडे दिली.

"रद्दी आमी फेकत नाई, बाई," चाचा म्हणाले. "पुठ्ठ्यात भरतो."

पुढे चाचा वारले. यंदा त्यांची नात अफसाना तेच पुस्तक घेऊन आली. ओलीनं पुठ्ठा सुटला होता आणि आत मी फाडलेली पानं दिसत होती. रद्दी एरवी खळीनं पूर्ण चोपडून चिकटवतात. ही पानं नुसती कडेला बोटभर खळ लावून, क्रमानं ठेवलेली होती.

अफसानानं तिथंच बसून ती वाचली. तिचे आईबाप सुरतेला कामाला गेलेत, त्याला सहा वर्षं झाली.

"मॅडम, याच्यात शेवटचं पान नाई," ती म्हणाली. "मुंग्या वापस आल्या काय?"

लहानपणी मी ती गोष्ट शंभरदा वाचली होती. पुष्कळ आठवून पाहिलं. आठवेना.