आखितीच्या आधीचं कवठ

आमच्या गल्लीतले लोक तिथी विचारायला माझ्याकडे येत. आयुष्य वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेलेला माणूस घरात पंचांग बाळगतो, एवढंच त्याला कारण. इतर कुठल्या गोष्टीत माझं मत कुणी विचारत नसे आणि ते बरंच होतं. मत द्यायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडते.

शेजारच्या खोलीत दगडाबाई आणि तिची सून सोनाबाई राहत. दगडाबाईचा एकुलता मुलगा कोंडीबा गिरणीत कामाला होता. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीच्या सुमाराला तो काविळीनं गेला. त्यानंतरची अक्षय्य तृतीया, जिला ही माणसं आखिती म्हणतात, ती त्याची पहिलीच. त्यांच्यात आखितीला गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, वर आंबा ठेवतात, पन्ह्याचा नैवेद्य दाखवतात. तोवर घरातलं कुणी आंब्याला तोंड लावत नाही, कैरीलाही नाही.

घागरीला बाजारचा आंबा नको, कोंडीबानं पोरपणी मंद्रूपच्या बांधावर लावलेल्या झाडाचाच हवा, असं दगडाबाईनं मनाशी धरलं. ती एकटीच गावी गेली आणि पाटीभर कैऱ्या घेऊन परत निघाली. वाटेत एसटी बंद पडली. दुसरी गाडी येईपर्यंत बसून राहायचं सोडून ही पाटी डोक्यावर घेऊन भर उन्हात चालत सुटली. घरी पोचली ती उंबऱ्यातच बसली, आणि बसल्या जागी आडवी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर येऊन पाहून गेले. ऊन लागलं होतं. पाणी दिलं की उलटून पडत होतं. लिंबाचं सरबतही राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, आंबटगोड काहीतरी चमच्याचमच्यानं पाजत राहा, संध्याकाळपर्यंत पोटात टिकलं नाही तर इस्पितळात न्यावं लागेल, आणि या वयात उशीर झाला तर मग काही सांगता येणार नाही. इस्पितळाचं नाव ऐकून दगडाबाईनं डोळे मिटूनच मान हलवली. कोंडीबा तिथं पायांनी चालत गेला होता.

सोनाबाईला उन्हावर एकच औषध माहीत होतं. तिनं पाटीतल्या दोन कैऱ्या चुलीच्या निखाऱ्यात भाजल्या, गर काढला, गूळ घातला आणि वाटी सासूच्या तोंडाशी नेली. वासानंच म्हातारीनं डोळे उघडले आणि ओठ घट्ट मिटले.

"पोराच्या आदी मी पिऊ व्हय?" एवढं ती म्हणाली.

सोनाबाई माझ्या दाराशी आली. माझी बायको महानंदा थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला अकलूजला गेलेली, नाहीतर सोनाबाई माझ्याकडे आली नसती. मी काय करणार? मी घरगुती औषधांचं पुस्तक काढलं. त्यातही कैरीचंच पन्हं होतं. मग संकटात नियम शिथिल होतात, असं कुठे कुठे लिहिलेलं आठवून मनात जुळवलं आणि दगडाबाईजवळ जाऊन बसलो. अडखळत का होईना, सांगितलं, की जीव धोक्यात असताना असं चालतं, पोथीत तसं आहे.

"पोतीत माज्या कोंडीबाचं नाव हाय का?" तिनं विचारलं.

मी उठलो. सोनाबाई माझ्या मागोमाग बाहेर आली आणि आवाज खाली करून म्हणाली, "अण्णा, आज आखिती हाय म्हना. तिला दिसांचं भान न्हाय. तुमी म्हनला तर ती ऐकंल."

आखिती परवा होती. तिचं म्हणणं चूक आहे असं मला तेव्हाही ठामपणे वाटलं नाही. एक शब्द, आणि बाई कदाचित वाचली असती. पण ज्या आंब्यासाठी ती उन्हातून चालत आली, त्याचं पन्हं तिनं फसून प्यावं, हे मला पेलत नव्हतं. बघतो, असं काहीतरी पुटपुटून मी घरात आलो.

आणि ज्वारीच्या कणगीतून कवठाचा वास आला.

आखितीच्याच दिवशी आमची बसवजयंती असते. त्या दिवशी आमच्याकडे कवठाचं पानक करतात. जाण्याआधी महानंदानं तीन कवठं पिकायला ज्वारीत पुरून ठेवली होती. ती बसवण्णांसाठी होती. मी थोडा घुटमळलो, पण आपल्या देवाशी माणूस लवकर तडजोड करतो. तिन्ही बाहेर काढली.

पानक मी कधी केलं नव्हतं, आईला करताना पाहिलं होतं. ती अक्कलकोटकडची, गूळ विरघळवताना चव घेत राहायची आणि मधेच कानडीत "साकु" म्हणायची, म्हणजे पुरे. कवठं पायरीवर आपटून फोडली. तपकिरी गर चमच्यानं खरवडून माठातल्या पाण्यात हातानं कुस्करला. बिया आणि धागे जाईनात, तेव्हा महानंदाचं पातळ धुवट फडकं घेऊन दोनदा गाळला. गूळ घातला, मीठ घातलं, वेलदोडा कुटून घातला. महानंदानं गळक्या डब्यात लावलेल्या पुदिन्याची पानं चुरडून टाकली. सब्जाचं बी वेगळं भिजवलं होतं, ते फुगून आल्यावर सोडलं. चव घेतली. आंबट वाटलं. पुन्हा गूळ घातला, पुन्हा चव घेतली. कुठे थांबायचं ते कळेना. आईसारखं "साकु" मला म्हणता येईना. शेवटी गुळाचा खडा संपला म्हणून थांबलो.

तांब्या घेऊन शेजारी गेलो, तर सोनाबाई सासूच्या कानाशी वाकून बोलत होती. आज आखिती आहे, अण्णांनी पंचांगात पाहिलंय, असं ती तिला सांगत होती. मला पाहून ती थांबली आणि नजरेनंच विनवू लागली.

दगडाबाईनं मान वळवली. तिचे ओठ फुटले होते.

"अण्णा, आज हाय का आखिती?"

मी नुसती मान हलवली असती तरी झालं असतं.

"नाही," मी म्हणालो. "परवा आहे."

सोनाबाईनं हातातली वाटी जमिनीवर आदळली. "मग जाऊ द्या मरून," ती म्हणाली. "एक तर गेलाच की. हिला बी घालवा, आन् मग वाचत बसा पंचांग." ती भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. तिचं रडणं त्या घरात मी पहिल्यांदाच ऐकलं. कोंडीबाला नेलं तेव्हाही ती रडली नव्हती.

मी तांब्या पुढे केला. हे कवठाचं आहे, यात आंबा नाही, असं सांगितलं. दगडाबाईनं माझ्याकडे पाहिलं. आत्ताच मी तिला खरं सांगितलं होतं, म्हणून असेल, तिनं आंब्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. तिनं वास घेतला. तिच्या सुकलेल्या तोंडावर काहीतरी हललं.

"कवाट त्याला आवडत न्हवतं," ती म्हणाली. "तोंड वाकडं करायचा. म्हनायचा, आये, तूच खा."

आणि तिनं तोंड उघडलं.

पहिले दोन चमचे बाहेर आले. तिसरा राहिला. थोड्या वेळानं सोनाबाई भिंतीकडून वळली, माझ्या हातातून चमचा घेतला आणि सासूचं डोकं मांडीवर घेऊन पाजायला लागली. माझं तिथं काही काम उरलं नाही. दिवेलागणीला डॉक्टर आले तेव्हा तांब्या निम्मा झाला होता आणि म्हातारीला घाम सुटला होता. इस्पितळाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दोन दिवस सोनाबाई माझ्याशी धड बोलली नाही. मी सकाळी दाराशी उभा राहून चौकशी करी, ती आतून "हाय बरी" एवढंच म्हणे. रात्री पडल्यापडल्या मला वाटे, कवठं पिकली नसती तर? मग माझ्या त्या "नाही"ला काय अर्थ राहिला असता?

आखितीला मला बोलावणं आलं. दगडाबाई भिंतीला टेकून बसली होती. नव्या घागरीत पाणी भरलं होतं, तोंडावर मंद्रूपची कैरी ठेवली होती. तिनं कोंडीबाचं नाव घेऊन हात जोडले आणि घागरीपुढे पन्ह्याची वाटी सरकवली. मग तिनं पहिला पेला भरला आणि सुनेपुढे धरला.

"तू भाजलीस, तू पी," ती म्हणाली. "माज्यासाटी जळालीस तू."

सोनाबाईनं पेला दोन्ही हातांत घेतला. पिताना तिनं डोळे मिटले होते. पिऊन झाल्यावर तिनं दुसरा पेला भरला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. "घ्या अण्णा," ती म्हणाली, "आता चालतंय."

मी तो तिथं प्यालो नाही. वर ताटली झाकून घरी नेला. पानकाला कवठ उरलं नव्हतं. बसवण्णांच्या तसबिरीपुढे मी कोंडीबाच्या झाडाचं पन्हं ठेवलं.